ठेवू की उडवू?

कोणी फुकट काम करून देतो म्हणाला की माझा हात आधी खिशाकडे जातो. मी जहाजांना माल पुरवतो. दोरखंड, कांदे-बटाटे, साबण, गोठवलेली कोंबडी, समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या कप्तानाला जे लागेल ते. या धंद्यात एक गोष्ट शिकलो. ज्या माणसाला भावच नाही त्याच्याशी घासाघीस करता येत नाही, आणि ज्याच्याशी घासाघीस करता येत नाही त्याच्यापुढे आपलं काही चालत नाही. आखातात, दुबईपलीकडच्या फुजैरा बंदरात मला असा एकच माणूस भेटला आणि तो नेमका माझ्या डोक्यावर, आमच्याच बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होता.

सगळे त्यांना काका म्हणत. मीही म्हणायचो, दात आवळून.

नोकरी तेलाच्या टर्मिनलवर. टाकीच्या जिन्याने वर चढायचं, झाकण उघडून वजन लावलेली पोलादी फीत आत सोडायची, तेल कुठपर्यंत आलंय ते बघायचं, फीत फडक्याने पुसत पुसत वर ओढायची, आकडा लिहायचा आणि खाली उतरायचं. अशी बावीस-तेवीस वर्षं काढली गृहस्थांनी. माणूस दुसऱ्या एखाद्या कामाला लागला असता तर कदाचित बरा निघाला असता. पण दिवसभर फीत पुसून जीव भरत नसावा, म्हणून संध्याकाळी घरी येऊन लोकांच्या व्हिडिओ कॅसेटच्या फिती पुसायचे आणि त्यांच्या कॉप्या काढून द्यायचे.

तेव्हा फुजैरात आम्ही मराठी घरं मोजून तेरा-चौदा. नव्वदचं दशक. कोणाच्या भावाचं लग्न, कोणाच्या भाच्याची मुंज; सगळ्यांना काही रजा मिळायची नाही. मग तिकडून कॅसेट यायची, आणि ती बहुधा एकुलती एक असायची. तिची कॉपी मस्कतच्या नणंदेला हवी, बहारीनच्या मेव्हण्याला हवी. इकडच्या पोरांचे वाढदिवस तिकडच्या आजी-आजोबांना हवेत. दुबईत दुकानं होती कॉपी करून देणारी, पण तिथे आपल्या बायका-मुली पडद्यावर आणि काउंटरमागे कोण कुठला बघतोय, हे कोणाला पटत नसे. त्यामुळे सगळी वरात काकांच्या दारात.

त्यांची यंत्रसामग्री बघितली असती तर तुम्ही कॅसेट घेऊन परत खाली उतरला असता. इस्त्रीच्या टेबलावर दोन व्हीसीआर. एकात तुमची कॅसेट, दुसऱ्यात कोरी, मध्ये केबल. व्हीसीआर तापू नये म्हणून दोन्हींच्या खाली काकूंची इडलीपात्रं पालथी घातलेली, आणि बाजूला टेबलफॅन. दमट हवेने फितीला पांढरी बुरशी आली की ती कॅसेट आधी चार दिवस तांदळाच्या डब्यात. मग तिचे स्क्रू काढून, फीत वीत-वीत ओढून, ओडी कोलन लावलेल्या मलमलीच्या फडक्याने पुसायची. ते मलमल म्हणजे काकूंच्या जुन्या साडीचा पदर. काकू मला एकदा जिन्यात म्हणाल्या, "आमच्याकडे पाहुणे जेवायला बोलवायचे तर मला आधी विचारावं लागतं, इडलीपात्रं मोकळी आहेत का."

कॉपी चालू असताना घरात मिक्सर बंद, कारण चित्रावर रेघा येतात. वॉशिंग मशीन बंद. दाराची बेल बंद. आणि एसी बंद, कारण कॉम्प्रेसर चालू झाला की चित्र उडी मारतं. ऑगस्टमध्ये, फुजैरात, एसी बंद. तुमच्या मामेबहिणीचं लग्न बघताना तुमच्या शर्टातून पाणी निथळायचं आणि मागचा माणूस समजायचा, किती भावुक आहे हो हा.

पण खरा नियम पुढेच होता. पैसे घेणार नाहीत. एक नवी कोरी कॅसेट आणायची, आणि ज्याची कॅसेट त्याने स्वतः कॉपी संपेपर्यंत समोर बसायचं. तीन तासांची कॅसेट तर तीन तास. ठेवून जायचं नाही, नोकराला पाठवायचं नाही, मध्ये उठायचं नाही. आमची मुलगी तेव्हा सहा-सात वर्षांची. तिच्या वाढदिवसाच्या कॅसेटला आम्ही तिला घेऊन बसलो. अर्ध्या तासात ती वैतागली. "अंकल, प्लीज फास्ट फॉरवर्ड ना. धिस इज सो बोअरिंग!" काकांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू पोरीने टर्मिनलवर काडी ओढली. "बाळा, तुझाच वाढदिवस आहे," ते म्हणाले. "तुलाच बघवत नाही, तर आजीने काय बघायचं?"

बसायला का लावायचे, तर त्यांना विचारायचं असायचं. कॅसेट चालू असताना काकांचा अंगठा कायम दुसऱ्या व्हीसीआरच्या पॉज बटणावर. समोर काही नको ते आलं, म्हणजे कोणाचं भांडण, कोणाचं कुजकं बोलणं, कोणाचा ढळलेला पदर, तर ते मान न वळवता विचारायचे, "ठेवू की उडवू?" तुम्ही लगेच सांगायचं. 'उडवा' म्हणालात की अंगठा दाबला जायचा. तेवढा भाग कॉपीत येणारच नाही. 'ठेवा' म्हणालात तर तुमची जबाबदारी. विचार करायला वेळ मागितलात तर म्हणायचे, "टेप थांबत नाही. चटकन बोला."

आता मला सांगा, हा काय न्यायाधीश होता? पण लोक सांगायचे! पटापट सांगायचे! बँकेत काम करणारा एक चांगला शिकलेला माणूस, त्याने स्वतःच्या लग्नातून स्वतःच्या सख्ख्या मामाला उडवून घेतलं. मामा पाकिटं गोळा करत होता आणि त्यातलं एक त्याने स्वतःच्या खिशात सरकवलं, ते कॅमेऱ्यात आलं होतं. "उडवा, काका," तो म्हणाला. "आईला कळलं तर भावाशी बोलणं तोडेल." आणि एक बाई होत्या, नवरा पोर्टमध्ये. त्यांच्या बाळाच्या बारशाची कॅसेट. पाळणा म्हणतायत, आणि मागून सासूबाईंचा आवाज, अगदी स्पष्ट: "माहेरून आणलंय काय, तर एक झबलं. तेही सुती." काकांनी विचारलं, "ठेवू की उडवू?" बाई खुर्चीतून उठल्याच. "ठेवा! अहो ठेवा! इतकी वर्षं ह्यांना सांगतेय, ह्यांना पटत नाही. पुरावा आहे तो!" नवरा शेजारीच बसला होता. त्या बाईंनी त्या एका वाक्यासाठी तीन कॉप्या काढल्या, म्हणजे नवऱ्याला ते वाक्य तीनदा घाम पुसत ऐकावं लागलं.

विमानतळावर तेव्हा बाहेरून आणलेल्या कॅसेटी तपासायला ठेवून घेत आणि काही दिवसांनी परत देत. त्यावरही काकांनी डोकं चालवलं होतं. भारतात जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ते इंग्रजीत टाइप केलेला कागद देत, येताना कॅसेटला लावायला. प्रकार: कौटुंबिक. विषय: विवाह. लांबी: दोन तास चाळीस मिनिटं. नृत्य: आहे, पण पुरुषांचं. एकाने तो कागद खरंच दाखवला. तिथला अधिकारी वाचून इतका हसला म्हणे, की कॅसेट हातात परत देऊन म्हणाला, "यल्ला, जा, जा." हे काका पुढे दहा वर्षं सांगत होते. आपल्यामुळे एक माणूस हसला, याचा एवढा अभिमान मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही. स्वतः हसत नसत ना कधी.

स्वतःची म्हणावी अशी त्यांच्याकडे एकही कॅसेट नव्हती. एकदा विचारलं तर म्हणाले, "आमच्या लग्नाचे सहा फोटो आहेत. त्यातल्या चारांत मी डोळे मिटलेत. कॉपी कशाची काढू?"

आता माझ्या कॅसेटकडे येतो. मला जे सांगायचं आहे ते हेच.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न देवरुखला झालं तेव्हा माझं स्वतःचं दुकान उघडून जेमतेम चार महिने झाले होते. तिकीट काढलेलं होतं. आणि लग्नाच्या आठवड्यातच मला एका मोठ्या जहाज कंपनीचं काम लागलं. पहिलं मोठं काम. सोडलं असतं तर परत मिळालं नसतं. मी गेलो नाही. पण मांडव, वाजंत्री, जेवणावळ, दागिने, व्हिडिओवाला, सगळं माझ्या पैशांतून झालं, आणि ते ज्याला खोटं वाटत असेल त्याने देवरुखला जाऊन विचारावं.

आखातात असलेल्या माणसासाठी आमच्याकडे लग्नात एक पद्धत पडली होती. व्हिडिओवाला सगळ्या नातेवाइकांकडे फिरायचा आणि म्हणायचा, "दादांसाठी दोन शब्द बोला." मग मावशी, आत्या, शेजारी, एकेक जण कॅमेऱ्यात बघून बोलायचा. तब्येतीला जप, जेवतोस ना, तुझी फार आठवण आली. या कॅसेटमध्ये माझ्यासाठी तसं सगळं होतं. मुख्य म्हणजे अप्पा होते. माझे वडील.

ही कॅसेट आईने गावच्या एका माणसाबरोबर पाठवली. सोबत नव्या कैरीचं लोणचं. बरणीला धक्का लागू नये म्हणून आईने तिला दोन्ही बाजूंनी आधार दिला होता. एका बाजूला जाडजूड टॉवेल आणि दुसऱ्या बाजूला कॅसेट. आईच्या हिशेबाने बरणी काचेची आणि कॅसेट प्लास्टिकची, म्हणजे जपायचं काय, तर बरणी. बरणी शाबूत आली. झाकण तेवढं सैल झालं. मी पिशवी उघडली तेव्हा कॅसेटच्या खिडकीतून मोहरी दिसत होती.

व्हिडिओवाल्याला फोन केला. तो म्हणाला, मूळ कॅसेट तीच, माझ्याकडे दुसरी नाही. दुबईच्या दुकानदाराने ती नाकाला लावली आणि हसून परत दिली. राहिले कोण? तिसरा मजला.

काकांनी कॅसेट हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाले, "मेथी जास्त झालीय."

अकरा संध्याकाळी ते बसले त्या फितीवर. अडीचशे मीटर फीत असते एका कॅसेटमध्ये. सगळी पुसली, दुसऱ्या खोक्यात भरली. हे मी मान्य करतो. मी खोटं लिहिणार नाही. अकराव्या दिवशी त्यांनी मला वर बोलावलं.

"फितीवरचा थर सुटतोय," ते म्हणाले. "एकदा चालेल. थांबवली तर परत सुरू होईल की नाही सांगता येत नाही. म्हणजे जे काही होईल ते एका दमात. शुक्रवारी दुपारी दोनला या. तीन तास दहा मिनिटं."

"काका, मी कॅसेट तुमच्यावर सोडतो. संध्याकाळी येऊन नेतो ना."

"तसं चालत नाही."

"शुक्रवारची सुट्टी तुमची. जहाजाला शुक्रवार नसतो. शंभर दिरहम देतो. नऊशे रुपये झाले."

"मला गुणाकार येतो."

"दीडशे."

"शेठ," ते म्हणाले. मला ते कायम शेठ म्हणायचे, आणि मला ते कधी आवडलं नाही. "लग्नाला तीन दिवस लागले असते. मी तीन तास मागतोय. इतका स्वस्त सौदा तुम्हाला बाजारात मिळायचा नाही."

असं झोंबलं मला ते! पण गरज माझी होती. शुक्रवारी दोनला जाऊन बसलो. एसी बंद, फॅनचं तोंड व्हीसीआरकडे. कॅसेट सुरू झाली. चित्र हलत होतं, रेघा होत्या, पण बहीण दिसली. हळद लावलेली. चाळीस मिनिटं झाली असतील आणि माझ्या कमरेचा पेजर वाजला. एका जहाजाची बोट धक्क्यावर येऊन उभी होती आणि माझ्या माणसाकडे कस्टमचे कागद नव्हते. कागद माझ्या गाडीत.

मी उठलो. काका मान न वळवता म्हणाले, "बसा."

"माझा माल उन्हात पडलाय, काका."

"फीत थांबवता येणार नाही. मी विचारायचं कोणाला?"

"कशाला विचारायचंय? माझ्या घरच्या लग्नात उडवण्यासारखं काही नसतं!"

"प्रत्येक घरात असतं."

माझं डोकं फिरलं. "मग तुम्हाला काय करायचं ते करा! ठेवा, उडवा, मला फरक पडत नाही! खलास!" असं म्हणून मी दार आपटून खाली गेलो. शब्द माझेच होते. काकूंनीही ऐकले.

दुसऱ्या दिवशी कॉपी दारात ठेवलेली होती, कागदात गुंडाळून. मूळ फीत शेवटी गुंडाळत गुंडाळत आत तुकडे होऊन गेली, असं काकू म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी बसून कॉपी बघितली. मावशी बोलली, आत्या बोलली, शेजारचे गुरुजी बोलले. मग अप्पा. मांडवाच्या खांबाला टेकून खुर्चीवर बसलेले. कॅमेरा जवळ जातो. ते वर बघतात. तोंड उघडतात. पडद्यावर एक पांढरा फटकारा, आणि पुढच्या क्षणी बहीण गाडीत बसतेय.

मी समजलो, लोणचं. तेवढी फीत गेली असणार. नशीब, म्हटलं. दोनेक वर्षांनी अप्पा गेले. तेव्हा मात्र मी सगळं टाकून गेलो आणि पोहोचलो तो तिसऱ्या दिवशी.

तेरावं झाल्यावर बहीण म्हणाली, "दादा, तुझ्याकडे अप्पांचं ते बोलणं आहे ना रे? किती वेळ बोलत होते कॅमेऱ्यात. मी आतून बघत होते, ऐकू काही येत नव्हतं. व्हिडिओवाला बिचारा हलेना तिथून."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं तरी असेल."

आईला विचारलं. ती तेव्हा पंगतीत वाढत होती, तिने काही ऐकलं नव्हतं. व्हिडिओवाला तोवर पुण्याला कुठेतरी गेला होता. त्याला शोधून फोन केला तर म्हणाला, साहेब, मी वर्षाला साठ लग्नं करतो. मग मला खटकलं. लोणच्याने नेमकं अप्पांनी तोंड उघडल्यावरच खायला लागायचं, एक सेकंद अलीकडे नाही? असं कधी होतं का?

फुजैराला परतलो तो बॅगसकट तिसऱ्या मजल्यावर.

"माझे वडील बोलले होते. ते कुठे गेलं?"

"उडवलं," काका म्हणाले.

सरळ! डोळ्यांत बघून! ना चूक झाली, ना माफ करा. मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. खालच्या मजल्यावरचा मल्याळी धावत वर आला. काका ऐकत होते. माझं बोलून संपल्यावर म्हणाले, "चहा घेणार?"

"काय बोलले अप्पा, ते सांगा!"

"ते मी सांगणार नाही."

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. बोलणं बंद, म्हणजे माझं. ते जिन्यात भेटले की "काय शेठ" म्हणत राहिले. मी सगळ्या घरांतून सांगितलं, या माणसाकडे कॅसेट देऊ नका, तुमचा बाप कापून टाकेल. कोणी ऐकलं नाही. मग मी धंद्याची रीत अवलंबली. बाजारातून सात किलोची ताजी सुरमई पाठवली. काकूंनी कापून, अर्धी तळून, सगळ्या बिल्डिंगला वाटली, त्यात आमच्याही घरी एक ताट. दुबईहून नवा व्हीसीआर पाठवला, तेव्हाचा सगळ्यात भारी. तो खोकं न उघडता परत आला. वर चिठ्ठी: "आमचे दोन्ही चालतात." बायको म्हणायची, "अहो, एकदा शांतपणे विचारून तर बघा." शांतपणे! माझ्या बापाची ती पाच मिनिटं जगात एकाच माणसाच्या डोक्यात होती, आणि त्या माणसाने ती फुकटात मिळवली होती.

मग सीडी आल्या, डीव्हीडी आल्या. दुबईत गल्लोगल्ली दुकानं झाली, कॅसेट द्या आणि तासाभराने तबकडी घ्या. तिसऱ्या मजल्यावरची वरात थांबली. काकांची साठी झाली, कंपनीने व्हिसा संपवला. आखातात तसंच असतं, केक कापतात आणि पासपोर्टवर शिक्का मारतात. काकूंनी माझ्या बायकोकडे सामान भरायला रिकामी खोकी मागितली. जहाजाच्या मालाची चांगली जाड खोकी माझ्याकडेच होती. कामगाराबरोबर पाठवता आली असती. मी स्वतः घेऊन गेलो.

काका जमिनीवर बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होते. मी खोकी ठेवली आणि उभा राहिलो. पाच-सहा वर्षांनी त्या घरात पाऊल टाकलं होतं.

"बसा, शेठ."

बसलो. ओरडायचं नाही असं जिन्यातच ठरवलं होतं. "का उडवलंत?" मी विचारलं. "तेवढं तरी सांगून जा."

त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. "हे तुम्ही आज पहिल्यांदा विचारलंत. त्या दिवशी नुसतं 'काय बोलले, काय बोलले' चाललं होतं." मग म्हणाले, "तुमचे वडील बरंच बोलले. बोलून झाल्यावर रडले. मग त्यांच्या लक्षात आलं, कॅमेरा चालू आहे. त्या पोराला म्हणाले, हे पुसून टाक, त्याला दाखवायचं नाही. दोनदा म्हणाले. त्या पोराने पुसलं नाही, आळशी असेल. आता, माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे. ज्याची कॅसेट त्याला मी विचारतो. तुम्ही नव्हता. तिथे एकच माणूस सांगत होता, उडव. मी त्याचं ऐकलं."

"पण बोलणं संपल्यावर सांगितलं ना त्यांनी? तोवर ते तुमच्या कॉपीत आलंच असेल!"

"आलं होतं. रेकॉर्डर मागे नेला आणि त्यावर पुढचं घेतलं. तोवर तुमची फीत पुढे पळत होती, गाडीपर्यंतचं सगळं त्यात गेलं तुमचं, निरोपाचंही. त्याबद्दल माफ करा."

निरोपाबद्दल माफी! काकू आत भांडी आपटत होत्या, त्या थांबल्या.

"आता अप्पा नाहीत," मी म्हणालो. "आता सांगायला काय हरकत आहे?"

"त्यांनी मनाई मागे घेतलेली नाही."

"सगळं नको. अर्धं सांगा."

"नाही."

"एक वाक्य. कुठलंही. तुम्ही निवडा."

"शेठ, हा बाजार नाही."

"माझ्याबद्दल होतं की बहिणीबद्दल, एवढंच."

"तुमच्याबद्दल. ते तुम्हाला माहीत होतं, म्हणजे मी काही दिलं नाही."

मी आयुष्यात इतका खाली कोणत्याही सौद्यात उतरलो नव्हतो. गुडघे दुखायला लागले होते. शेवटी म्हणालो, "काका, एवढंच सांगा. शिवी दिली की नाही?"

त्यांनी खाली ठेवलेली वाटी उचलून कागदात गुंडाळली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, जसा कप्तानाच्या तोंडाकडे बघतो.

"दिली," ते म्हणाले.

तुम्हाला अप्पा माहीत नाहीत, म्हणून सांगतो. अप्पांची पिठाची गिरणी होती. गिऱ्हाईक आलं की 'या', 'बसा', 'कसं काय'. परक्याला त्यांनी उभ्या जन्मात वाकडा शब्द वापरला नाही. शिव्या फक्त घरच्यांना, आणि त्या दळणाच्या आवाजाच्या वर चढून. मी आखातात आलो, पैसे पाठवायला लागलो, आणि फोनवर अप्पा मला विचारायला लागले, 'कसे आहात? तब्येत जपा.' आहात! मला! शेवटची चार-पाच वर्षं माझ्या वाट्याला एक शिवी आली नव्हती. मी समजून चुकलो होतो, आपण गिऱ्हाईक झालो.

मी उठलो. सगळी खोकी टेपने बंद करून दिली, जड होती ती खाली उतरवून दिली. काकांनी दारात हात जोडले, मीही जोडले. आठवड्याने ते गेले.

माझा राग गेला असं कोणी समजू नये. बापाने मला शिवी दिली, माझ्या नावाने दिली, ती माझी होती. कोणती दिली, तेवढं सांगितलं असतं तर त्या माणसाचं काय जाणार होतं?